मुदतीचा नरक
जरथुष्ट्री धर्मातील नरक कायमचा नसतो. नवव्या शतकाच्या सुमारास पहलवी भाषेत संकलित झालेल्या ‘बुंदहिश्न’ या सृष्टिविषयक ग्रंथानुसार ‘फ्रशोकेरेती’च्या, म्हणजे सृष्टीच्या अंतिम नवीकरणाच्या वेळी, सर्व मृत पुन्हा उठतात आणि वितळलेल्या धातूच्या प्रवाहातून जातात, सज्जनांना तो कोमट दुधासारखा भासतो, पापी मात्र त्यात होरपळतात, पण शुद्ध होऊनच बाहेर पडतात. ही करुणा वेदना टाळणारी नाही, तरी तिच्यामागील तर्क भक्कम आहे: मनुष्य ही अहुर मज्द या मंगलमय परमेश्वराची निर्मिती असून पाप हे अहरिमन या विरोधी शक्तीचे आक्रमण असल्याने, एकही जीव नरकात कायमचा अडकून पडला, तर तो अहरिमनचाच विजय ठरेल. खुद्द अहरिमनला मात्र उद्धार नाही, केवळ पराभव आहे.