बंद घरांचा जिल्हा

2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढून 11 कोटी 24 लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गातली माणसेही सुमारे 19 हजारांनी कमी झाली. या काळात तिथे ना मोठी साथ आली, ना दुष्काळ पडला. उलट 1998पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावत होती आणि वाडीवाडीत वीज व फोन पोहोचत होते. तरीही माणसे घटली. लोकसंख्या म्हटले की आपण आजही ‘भस्मासुर’ आणि ‘स्फोट’ हेच शब्द काढतो. त्या शब्दांत हे दोन जिल्हे बसत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही. माझ्या मते उद्याचा महाराष्ट्र कसा असेल, हे याच दोन जिल्ह्यांत आज दिसू लागले आहे.

कोकणी माणूस बाहेर पडला तो हौसेने नव्हे. जांभ्या दगडाची जमीन, पाऊस धो धो पडणारा पण उतारावरून थेट समुद्राला मिळणारा, आणि पिकेल त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी जाणारा. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडले. तोवर कितीतरी पिढ्यांनी आपला मार्ग शोधला होता. कोणी पलटणीत गेले, कोणी बंदरात हमाली केली. 1854मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि पुढच्या काळात गिरणगाव उभे राहिले, त्यात घाटावरच्या माणसांइतकाच कोकणचाही घाम होता. भूक आणि खोताचा जाच या दोन्हींपासून सुटका म्हणजे मुंबई.

या स्थलांतराची एक विशिष्ट घडी होती. पुरुष एकटा जाई, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवी आणि मनीऑर्डर पाठवी. बायको, मुले, म्हातारे आईबाप गावी राहत. भातशेती, गुरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण, सणवार, देणीघेणी हे सारे बाई पाहत असे. 2011मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्री-सन्मानाचा पुरावा म्हणून भाषणांत ऐकायला मिळतो, पण तो निघून गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे. त्याच जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांमध्ये मुलींपेक्षा मुलगेच जास्त आहेत. जिने जन्मभर शेत राखले, तिचे नाव बहुतेक सातबाऱ्यांवर नव्हतेच.

ही घडी पुढे मोडली. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावातल्या जागांचे भाव चढले आणि चाकरमानी उपनगरांकडे सरकला: दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार. 2001 ते 2011 या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही साडेसात टक्क्यांनी घटली, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची 36 टक्क्यांनी वाढली. दूरच्या उपनगरात का होईना, स्वतःची खोली झाली आणि मग बायको-मुलेही तिथे गेली. रत्नागिरीतले हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण 2001मध्ये 1136 होते, ते 1122 झाले ते याच दिशेने. पूर्वी गावातून कमावता माणूस जात असे, आता आख्खे कुटुंब जाते. मनीऑर्डर येण्याचे कारण संपते आणि घराला कुलूप लागते. गणपतीला आणि शिमग्याला ते उघडते, पालखी नाचते, चार दिवस वाडी भरते. उरलेले वर्ष तिथे कोण असते, हा खरा प्रश्न.

दुसरीकडे जन्मच कमी झाले आहेत. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडशी नाते असलेल्या र. धों. कर्व्यांनी 1921मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले आणि बहिष्कार सोसले. त्यांचा आग्रह स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचाच हक्क असावा असा होता. सरकारने पुढे उलटी वाट धरली. 1976मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. अखेर कुटुंब लहान झाले ते मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.9 अपत्ये होती. 2019-21मध्ये ती 1.7वर आली. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला 2.1 लागतात. म्हणजे राज्याने ती रेषा केव्हाच ओलांडली आहे. तरीही एकूण संख्या वाढते, कारण आधीच्या मोठ्या पिढ्या आज तरुण आहेत आणि बाहेरून माणसे येत आहेत. ही तरुणाई ओसरली की काय होईल, त्याची रंगीत तालीम कोकणात सुरू आहे: तिथे जन्मही कमी आणि जन्मलेलेही बाहेर.

माणूस गेला की फक्त संख्या घटत नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, काहींचे वारस कुठे आहेत तेही ठाऊक नाही. जमीन कसायची तर संमती कोणाची घ्यायची? मग ती पड राहते. पडीवर रान माजते, रानातून माकडे आणि रानडुकरे येतात आणि शेजारच्याने जिवापाड जपलेले भात, नाचणी, केळी फस्त करतात. दोन-तीन हंगाम असे गेले की तोही शेती सोडतो. पटावर आठ-दहा मुले उरलेली शाळा बंद करण्याची किंवा दुसरीत मिसळण्याची भाषा सुरू होते, आणि लहान मुलांचे जे एखादे तरुण कुटुंब टिकून होते, तेही शाळेपायी तालुक्याला जाते. एकाचे जाणे दुसऱ्याला जायला भाग पाडते. हे चक्र रेल्वेने थांबले नाही, कारण रेल्वे दोन्ही दिशांनी धावते.

आणि तरीही कोकण रिकामे झालेले नाही. हापूसच्या बागा नेपाळी कामगार राखतात, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणींवर आणि बांधकामांवर कर्नाटकातली कुटुंबे आहेत. ज्या जिल्ह्याने दीडशे वर्षे माणसे पाठवली, तो आता माणसे बोलावतो. पण या माणसांना आपण गावचे मानत नाही. त्यांच्या मुलांचा शाळेचा पट, रेशन, दवाखाना, मतदान हे सारे ‘ते काय, जाणारच आहेत’ या एका वाक्यात संपते. आपले आजे-पणजे गिरणगावात उतरले, तेव्हा त्यांच्याकडेही असेच पाहणारे होतेच. मुंबई आमची आहे असे आपण म्हणतो ते ती आपण राबून उभारली म्हणून. कष्टाने हक्क मिळतो हे तत्त्व खरे असेल, तर ते देवगडच्या बागेतही खरे असले पाहिजे.

म्हणून मला वाटते, आपले लोकसंख्येचे धोरण अजून जुन्या भीतीवर चालले आहे. 2001च्या सप्टेंबरनंतर तिसरे अपत्य झालेल्या माणसाला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. ज्या वाडीत वर्षानुवर्षे पाळणा हलत नाही, तिथेही हाच नियम. त्याचा सर्वाधिक फटका गरीब स्त्रीला बसतो, कारण किती मुले व्हावीत हे अनेकदा ती ठरवत नाही. तो रद्द व्हावा. शाळेचे भवितव्य निव्वळ पटावर ठरवू नये. सामाईक सातबारे सोडवण्याची मोहीम सरकारने स्वतः हाती घ्यावी आणि जी बाई जमीन राखते तिचे नाव त्यावर यावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे नेमाने जाणारी आरोग्य कर्मचारी ही चैन नाही, पंचवीस वर्षांनी साऱ्या राज्याला लागणारी व्यवस्था आहे. ती उभारायला कोकणातून सुरुवात करावी.

2011नंतर देशाची जनगणना झालेली नाही; आता ती 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. तिच्यातून पुढच्या काळातल्या मतदारसंघांचे आणि निधीचे हिशेब निघतील. त्या वेळी प्रगणक बागेतल्या झोपडीत आणि चिरेखाणीवरच्या पालातही पोहोचला पाहिजे, आणि तिथली माणसे मोजायला लावण्याची जबाबदारी गावाने घेतली पाहिजे. घटणाऱ्या गावाला पूर्वीची माणसे परत येण्याची आशा सोडून द्यायची गरज नाही, पण त्या आशेवर गाव चालत नाही. आज जे तिथे राहतात, राबतात, म्हातारे होतात, मुलांना वाढवतात, तेच त्या गावचे. कोणत्या भाषेत ते घरी बोलतात यावर ते ठरू नये.