टिकली काढ, दिवा लाव

रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणावर टिकली चिकटवलीस! अंधारात बोटाला कळावं म्हणून. आणि वर मलाच विचारतोस, "सर, आयडिया कशी वाटली?" लाजिरवाणी वाटली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा तुझा, फर्स्ट क्लासचा. माझ्या लॅबमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांना ओहमचा नियम तू समजावून सांगायचास. त्या मुलाच्या गाडीत रेडिओच्या बटणांमागचा एक बल्ब जातो आणि तो आईच्या टिकल्यांचं पाकीट उघडतो?

तुला येत नसतं तर मी तोंड उघडलं नसतं. शेजारी बसवून शिकवलं असतं. पण तुला येतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्री दोन वाजता कंट्रोल पॅनेल बंद पडलं तर फोन तुला येतो. तू जातोस, फॉल्ट शोधतोस, मशीन चालू करूनच घरी परततोस. हे तुझ्या सुपरवायझरनं सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मग तिथं जमतं आणि इथं जमत नाही, असं कसं? तिथं मागं साहेब उभा असतो म्हणून? कुणी डोक्यावर उभं असलं तरच तुझे हात चालणार का?

आता तुझ्या सबबी एकेक काढू. सगळ्या पाठ झाल्यात मला.

"वेळ मिळत नाही, सर." खोटं. याच गाडीत सीटखाली निळ्या एलईडीची पट्टी लावायला अख्खा रविवार मिळाला तुला. कार्पेट उचललंस, वायर ओढलीस, टेप गुंडाळलास, फोटो काढून मित्रांना पाठवलेस. पायापाशी लखलखाट आणि जिथं हात जातो तिथं काळोख. टंचाई वेळेची नाही. जे चारचौघांत मिरवता येतं तेवढंच तुला काम वाटतं. दुरुस्तीचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून ती उद्यावर.

"चालतंय की, सर. आवाज तर येतोय." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. आंबा घाट उतरून साखरप्याकडं निघालो तेव्हा शेजारच्या सीटवर मी होतो. स्टेशन बदलायला तू मोबाइलचा टॉर्च लावलास, मान खाली घातलीस आणि बटणं शोधत राहिलास. ताशी 60 किलोमीटरनं चाललेली गाडी 3 सेकंदांत 50 मीटर जाते. ते 50 मीटर तू बघितलेच नाहीस. वर तो पांढराफेक टॉर्च डोळ्यात गेला, की अंधाराला सरावलेली नजर पुन्हा सरावायला वेळ लागतो. मान वर केलीस तरी काही क्षण तुला समोरचं धड दिसत नव्हतं. रेडिओचे दिवे मंद ठेवलेले असतात ते याचसाठी. एका नजरेत बटण दिसावं आणि रस्ता डोळ्यांतून सुटू नये. हे तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. कळतं पण वळत नाही.

"मेकॅनिक म्हणाला, नवीनच सेट टाका." तो म्हणणारच. त्याला सेट विकायचाय. पण त्यानं जुना उघडून बघितला? नाही. तू बघितलास? नाही. मग सेट गेला हे ठरवलं कुणी? नवा सेट बसेलही. 180 बाय 50 मिलिमीटरची खाच ठरलेली आहे, कुठलाही सिंगल डिन सेट तिच्यात जातो. पण काही रुपयांच्या बल्बासाठी काही हजार मोजायचे, आणि वडिलांनी हौसेनं जपलेला, चांगला वाजणारा कॅसेटचा सेट भंगारात घालायचा, हा हिशोब तुला पटतो कसा?

निदान कसं करायचं हे मी तुला पुन्हा सांगायला नको होतं. पण सांगतो, कारण तू मल्टीमीटर हातातच घेतला नाहीस. रेडिओच्या बटणांमागच्या दिव्यांना बहुतेक गाड्यांत वेगळी वायर असते. पार्किंग लाइट लावला की तिच्यात वीज येते. मागच्या आयएसओ कनेक्टरचा काळा भाग बघ. 4 नंबरला कायमचे 12 व्होल्ट, 7 नंबरला चावी फिरवल्यावरचे, 8 नंबरला अर्थ, आणि 6 नंबर दिव्यांचा. काही कंपन्या 4 आणि 7 ची अदलाबदल करतात, म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा. बाहेरून घेतलेल्या सेटला हीच वायर सहसा नारंगी असते. अख्खं पॅनेल एकदम काळं झालं असेल तर आधी फ्यूज, मग ही वायर, मग डिमर. सेट खोलायची गरजच पडत नाही. पण तुझ्या सेटची डावीकडची बटणं उजळतात, उजवीकडची नाहीत. म्हणजे वीज पोचते आहे. म्हणजे बल्ब गेलाय. हे सीटवर बसल्या बसल्या कळायला हवं होतं. आणि डिस्प्ले? टॉर्च तिरका धरल्यावर आकडे दिसले ना? एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, तो मागच्या दिव्यावर दिसतो. आकडे आहेत म्हणजे डिस्प्ले शाबूत आहे. आकड्यांतल्या रेघाच गायब असत्या तर झेब्रा पट्टीवर किंवा रिबनवर संशय घ्यायचा. तुझ्याकडं तसं काही नाही. तुझी केस सगळ्यांत सोपी आहे आणि तीच तू लोंबकळत ठेवलीस.

"उघडला आणि बिघडला तर?" ही भीती नाही, आळस आहे. भीती असती तर तू विचारायला आला असतास. विचारलंस कधी?

बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोड, दहाच्या पान्यानं. पण त्याच्याही आधी सेटला कोड आहे का ते बघ. कोडचा सेट वीज तुटली की अडून बसतो, आकडा दिल्याशिवाय वाजत नाही. गाडीच्या मॅन्युअलच्या पाकिटात कार्ड असेल, ते शोधून ठेव. सेटच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतील तर यू आकाराच्या किल्ल्या घालून ओढायचा. नसतील तर भोवतीची फ्रेम प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचकटायची, आत बाजूला स्क्रू असतात. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घुसवून फ्रेमची कड चेपवू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे. बटणं सरळ पुढं ओढून निघतात, तोंडाच्या पॅनेलला कडेनं लॉक असतात, आणि आतली रिबन हिसकायची नाही. प्रत्येक टप्प्याला फोटो काढ. मोबाइल त्यासाठी वापर.

मग बल्ब दिसेल. जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा. खाली प्लॅस्टिकचा होल्डर, डोक्यावर कदाचित हिरवी किंवा निळी रबरी टोपी. बटणांचा रंग त्या टोपीचा असतो. होल्डरच्या खाचेत बारीक स्क्रू ड्रायव्हर लावून पाव वळसा दिला की तो हातात येतो. काही सेटमध्ये होल्डर नसतो, दोन तारा थेट बोर्डावर डाख देऊन बसवलेल्या असतात. उजेडाकडं धरून बघ. काच आतून काळवंडलेली दिसेल, फिलॅमेंट मधे तुटलेलं. टंगस्टनची वाफ होत होत ती काचेवर बसते आणि तार बारीक होत जाते. त्यात चालू गाडीत अल्टरनेटर 14 व्होल्टच्या वर देतो. फिलॅमेंटच्या बल्बाला व्होल्टेज 5 टक्के जास्त मिळालं तरी आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. हे तुला परीक्षेत आलं असतं तर पूर्ण मार्क घेतले असतेस.

आणि एकच बल्ब बदलून सेट बंद करशील, तर माझ्यासमोर येऊ नकोस. बाकीचेही तेवढेच तास जळलेत. आज उजवा गेला, उद्या डावा जाईल. खरी मेहनत सेट काढण्या-बसवण्यात आहे, बल्बात नाही. सगळे एकदम बदल.

"तसे बल्ब आता मिळतच नाहीत, सर." किती दुकानं फिरलास? एक? एका दुकानदारानं मान हलवली आणि तू घरी आलास. आळशाला गंगा दूर. उद्यमनगरात विचार. नाहीच मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात पासोड्या विठोबापाशी दुकानं आहेत, कुरिअरनं मागव. आणि तेही नको असेल तर एलईडी लाव. तुझ्या खणात पडलेत की मुठीनं!

एलईडीला लागणाऱ्या रेझिस्टरचा हिशोब कर. 14.4 व्होल्टमधून पांढऱ्या एलईडीचे साधारण 3.2 वजा कर. उरले 11.2. करंट 10 मिलिॲम्पिअर पुरे. आले 1,120 ओहम. बाजारात मिळतो 1.2 किलोओहम: तपकिरी, लाल, लाल. वॉटेज 0.1च्या आसपास, पाव वॉटचा रेझिस्टर आरामात पेलतो. ही आकडेमोड तू फळ्यावर वर्गासमोर केलेली आहेस. 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न घे, टोक 2-3 सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नकोस, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक सुटेल. एलईडी उलटा बसला तर पेटणार नाही. फिरवायच्या होल्डरचा असेल तर काढ, अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसव. फिलॅमेंटचा उजेड चौफेर जातो, एलईडीचा सरळ पुढं. नुसता खोचलास तर एक बटण फटफटीत आणि बाकीची आंधळी दिसतील. टोक कानशीनं सपाट कर, बारीक पॉलिश पेपर मार, उजेड पसरेल. हिरवी बटणं हवी असतील तर हिरवाच एलईडी घे. डिमर जुन्या पद्धतीचा, वायरगुंडाळीचा असेल तर एलईडी फारसा मंद होणार नाही. म्हणून रेझिस्टर पहिल्यापासून थोडा मोठा घेऊन रात्रीच्या अंधारात बघून ठरव.

तुझ्या खणातला पांढरा एलईडी आतून निळा असतो, वर पिवळा फॉस्फर चढवलेला. त्यातला लखलखीत निळा एलईडी शुजी नाकामुरानं जपानच्या निचिया कंपनीत 1993 साली करून दाखवला. 2014चं नोबेल अकासाकी, अमानो आणि त्याला मिळालं. हा नाकामुरा एलईडीचा स्फटिक वाढवायच्या रिॲक्टरच्या नळ्या स्वतः कापायचा, स्वतः वेल्ड करायचा, स्वतः बदलायचा. इतक्या खटपटीनं जगाला मिळालेली वस्तू तुझ्या खणात धूळ खाते, आणि तू टिकली चिकटवतोस. याचा मला संताप येतो.

सेट बंद करण्याआधी कनेक्टर लावून, बॅटरी जोडून दिवे बघून घे. स्क्रू आवळल्यावर बघितलंस आणि एक लागला नाही, की "आता पुढच्या रविवारी" म्हणशील. मी ओळखतो तुला.

तुझ्यात कसब नाही असं मी कधीच म्हणणार नाही. तुझ्या हाताला जे वळण आहे ते माझ्या फार थोड्या मुलांना होतं. म्हणूनच तुला गुळगुळीत बोलून सोडत नाही. दुसऱ्या एखाद्याची टिकली मी बघितली असती आणि गप्प बसलो असतो.

येत्या रविवारी सकाळी गाडी काढ, ऊन तापायच्या आत सेट बाहेर आला पाहिजे. संध्याकाळी अंधार पडला की उजळलेल्या पॅनेलचा फोटो मला पाठव. मधे कुठं अडलास तर फोन कर, रात्री उशिरापर्यंत मी जागा असतो. सबब सांगायला मात्र करू नकोस.