एकच तिकीट?

तिकिटं दोन होती आणि संध्याकाळी साडेपाचला मैत्रिणीचा फोन आला. नातवाला ताप भरलाय, तू जाऊन ये. नागपुरात नंदनवनातून रेशीमबाग म्हणजे ऑटोनं दहा मिनिटं, तरी घरातून निघायला मला पाऊण तास लागला. गंभीर नाटक असतं तर एवढी घालमेल झाली नसती. अंधारात एकट्या बाईनं डोळे पुसले तर कोणी वळून बघत नाही. ती खो खो हसायला लागली तर बघतात.

केडीके कॉलेजजवळ ऑटो मिळाला. ‘एकट्याच जी काकू, नाटकाले?’ त्यानं विचारलं. कुचेष्टेनं विचारलं असतं तर एखादं उत्तर सुचलं असतं. त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून गप्प बसले.

रेशीमबागेतलं हे कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ साली उघडलं. सुमारे दोन हजार खुर्च्या. त्याआधी आम्हा या बाजूच्या लोकांना बरं नाटक बघायचं तर बहुतेकदा सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहापर्यंत जावं लागे. रात्री परत यायचं म्हणजे घरातला कोणी पुरुष आणि त्याची स्कूटर हवीच. ‘आम्ही सगळे मिळून नाटकाला जातो’ यात हौस किती आणि वाहनाची सोय किती, हे तेव्हा कोणी तपासलं नाही.

माझं माहेर साकोलीकडचं, झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, लेकीजावई येतात, रात्री दहाच्या सुमाराला नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. वडसा हे त्या नाट्यमंडळांचं ठाणं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथं एकट्यानं नाटकाला जाणं कोणाला सुचणारच नाही, कारण सतरंजीवर शेजारी बसलेला माणूस कोणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहरात येताना आम्ही सोबतीची सवय तेवढी आणली, गाव तिकडेच राहिलं. आज आमच्या गल्लीत चारपाच घरांत एकेकटं माणूस राहतं. मुलं पुण्याला, बंगळुरूला. ही माणसं भाजी एकट्यानं आणतात, दवाखान्यात एकट्यानं जातात, बँकेच्या रांगेत एकट्यानं उभी राहतात. त्याचं कोणाला काही वाटत नाही. करमणूक मात्र सोबत मिळाली तरच करायची.

गंमत म्हणजे मराठी माणसाला एकट्याचं वावडं नाही. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं एकट्यानं रंगवली. मंचावर एकटा माणूस दिसला की आपण त्याला एकपात्री कलावंत म्हणतो. खुर्चीत एकटी बाई दिसली की ‘बिचारी’.

आता शास्त्र ऑटोवाल्याच्या बाजूचं आहे, हेही सांगायला हवं. बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं १९०० साली हास्यावर पुस्तक लिहिलं. हसण्याला प्रतिध्वनी लागतो, हसू नेहमी कुठल्या तरी गटाचं असतं, असं त्याचं म्हणणं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाला असं आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट लोकांत असताना हसतो. दोघांचंही मला पटतं. पण लोक कुठले? घरचेच हवेत, असं त्यांच्यापैकी कोणी म्हटलेलं नाही.

उलट घरचे लोक हसू अडवतात, हा माझा अनुभव. हे होते तेव्हा आम्ही विनोदी नाटकांना जायचो. मध्ये सासूबाई. जरा चावट वाक्य आलं की मी आधी त्यांच्याकडे बघायची. त्या हसल्या तर मी हसणार. त्या माझ्याकडे बघत असायच्या. असे कितीतरी विनोद आम्हा दोघींच्या मधून न हसताच निघून गेले.

त्या रात्री माझ्या डावीकडे एक आजी होत्या, सत्तरीपुढच्या. नातू सोडून गेला होता, घ्यायला येणार होता. पर्स मी उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली. दहा मिनिटांनी सभागृह हसलं आणि आजींनी माझा दंड धरला. ‘काय म्हटला जी तो?’ मी वाक्य त्यांच्या कानात सांगितलं. त्या हसल्या, तीन सेकंद उशिरा, खुर्चीच्या हातावर थाप मारून. त्यांना बघून मला पुन्हा हसू फुटलं, या वेळी जास्त. मग तो क्रमच पडला. प्रत्येक विनोद मला दोनदा मिळायला लागला.

जगन्नाथ पंडितानं ‘रसगंगाधरा’त हास्याचे दोन प्रकार सांगितलेत. विनोदाचं कारण स्वतः पाहून येतं ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसताना पाहून येतं ते परस्थ. घरी टीव्हीपुढे मी आत्मस्थच हसत असते, तेही कधीमधी. परस्थ हसू मिळायला समोर परका माणूस लागतो आणि ज्याच्याकडून परवानगी घ्यायची असा कोणी शेजारी नसावा लागतो. हे दोन्ही एकदम नाट्यगृहाशिवाय कुठं मिळेल, मला तरी सुचत नाही.

एकटीनं जाणं फार छान असतं असं मात्र मी म्हणणार नाही. मध्यंतर वाईट गेलं. हातात आलूबोंडा, भोवती सगळे घोळक्यानं उभे, आणि मी कोणाचा तरी निरोप आल्यासारखी मोबाईलमध्ये बघतेय. निरोप आलेला नव्हता. घंटा झाल्यावर धावतच आत गेले. आजींना डाव्या कानानं बरं ऐकू येतं, म्हणून दुसऱ्या अंकाला त्या पर्स उचलून मैत्रिणीच्या खुर्चीत येऊन बसल्या. नाव ना त्यांनी विचारलं, ना मी.

तुमच्याही गल्लीत कोणी सोबत मिळत नाही म्हणून नाटकं सोडून बसलं असेल, तर त्यांना सांगा. खिडकीवर ‘एकच?’ असं विचारतील. ‘हो, एकच’ म्हणायचं आणि पैसे सरकवायचे.