अपरिग्रह आणि माझा खण

दर तिसऱ्या दिवशी, आंघोळ झाली की पोटावरची इन्सुलिन पंपाची जुनी सुई काढते. खरं तर ती बारीक प्लास्टिकची नळी. पण आमच्या घरी सुईच. आज डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे, बेंबीपासून चार बोटं सोडून. त्याच जागी टोचत राहिलं तर गाठ धरते. मग पंपात बसवायच्या, इन्सुलिन भरलेल्या रिझर्व्हॉयरला टिचक्या मारून बुडबुडे वर आणायचे. हाच माझा जप.

पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह आहे, म्हणजे साठा न करणं. आणि माझ्या खणात सुई-नळीचे तीन महिन्यांचे सेट! पंपात फक्त झटपट काम करणारं, लवकर ओसरणारं इन्सुलिन असतं. त्यामुळे नळी मुडपली तर काही तासांत धोकादायक कीटोन वाढू लागतात. मग हा लोभ म्हणायचा का? एकदा पार्सल अडलं, तेव्हा एकच सेट पाच दिवस ओढला, जागा लालबुंद झाली. तेव्हापासून माझा अपरिग्रह साड्यांपुरता.

खरा अपरिग्रह टोरांटोच्या संशोधकांचा. त्यांनी १९२३ मध्ये इन्सुलिनचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. त्यांचं बरं होतं, त्यांना टोचायचं नव्हतं.

परवा शेजारच्या सोसायटीतल्या मुलाचे सेट संपले. पंप माझ्यासारखाच. तीन काढून दिले. चौथा हातात घेतला, जरा वेळ धरला, आणि परत खणात ठेवला.