दुसऱ्याच्या नडगीवरचे शौर्य

उद्याचा प्रतिस्पर्धी आडदांड आहे हे ठाऊक असले, म्हणजे आदल्या संध्याकाळी फुटबॉलच्या चाहत्याच्या मनात भीतीबरोबरच एक इच्छा जागी होते: आपल्या गड्यांनीही दोन लाथा हाणाव्यात, आणि पंचाचे लक्ष तेव्हा अन्यत्र असावे. नोकरीनिमित्त कोलकात्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या निरुपद्रवी कारकुनालाही ती सोडीत नाही! यात पणाला लागते ती दुसऱ्याची नडगी. आपला फार तर घसा बसतो. इच्छेला हातपाय नसतात म्हणावे, तर ती आरोळी होऊन खेळाडूच्या कानी पोहोचतेच.

२९ जुलै १९११ रोजी येथील शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटपुढे उभा राहिला, तेव्हा सुधीर चटर्जींखेरीज त्याचे सारे खेळाडू अनवाणी होते. समोर गोऱ्या सैनिकांचे बूट. मैदानाकडे निघालेल्या बंगाली चाकरमान्यांनी मनात काय मागितले असेल? केवळ विजय, की सूडही? पारतंत्र्यातील सूडाची इच्छा मी समजू शकतो. मोहन बागानने आधी गोल पत्करला आणि अखेर २-१ असा विजय मिळविला.

आज बूट दोन्ही बाजूंना आहेत, आणि विरुद्ध संघातल्या मुलाचे घरही त्याच्या गुडघ्यांवरच चालते. हे सारे जाणूनही, उद्या पहिली धडक बसल्यावर मी जागेवर बसून राहीन, याची हमी मला देववत नाही.