बटण दाबण्याआधीचा सेकंद

भाची यंदा पहिल्यांदा माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून चालणार आहे आणि त्याआधी तिला कॅमेरा घ्यायचा आहे. खिशात मावणारा, चटकन उघडणारा, चटकन टिपणारा. मोबाइल नको म्हणते; तो हातात आला की निरोप सुरू होतात. तिच्या यादीत दोन नावं उरली होती, त्यांतलं एक ठरवायला ती फलटणला माझ्याकडे आली. ‘‘मावशी, तू वर्षानुवर्षं रिंगणाचे फोटो काढतेस. घोडा निसटणार नाही असा कुठला, तेवढं सांग.’’

मी आयुष्यभर कॉलेजात भारतीय दर्शनं शिकवली. घोडा निसटणार नाही म्हणजे नेमकं काय निसटणार नाही, हे ठरल्याशिवाय मला कॅमेऱ्याचं नाव सांगता येईना.

चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दुतर्फा दिंड्या उभ्या, मधे घोड्यांपुरती वाट. दोन अश्व: एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिच्यावर माउली आहेत. टाळांचा गजर चढतो, मागून ‘माउली माउली’ अशी लाट येते आणि हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून ते दौडत जातात. वेग ताशी ३६ किलोमीटर धरू. सेकंदाला १० मीटर. डोळ्यांना दिसलं आणि बोटाने बटण दाबलं, यात माणसाचा साधारण पाचवा हिस्सा सेकंद जातो. तेवढ्यात घोडा दोन मीटर पुढे. वर कॅमेऱ्याने फोकस शोधायला वेळ घेतला तर हाती शेपूटही लागत नाही.

म्हणजे जे दिसलं त्याचा फोटो कुणालाच काढता येत नाही. काढतो तो जे दिसणार आहे त्याचा. नैयायिकांच्या भाषेत, आपण प्रत्यक्षावर नाही, अनुमानावर बोट ठेवतो. खुरांचा ठेका ऐकून, मान कशी खालीवर होते ते बघून, आता चारही पाय जमीन सोडतील असा अंदाज बांधायचा आणि आधीच दाबायचं. दौडताना घोडा पूर्ण अधांतरी असतो तो पाय पसरलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना, हे १८७८ साली छायाचित्रकार म्युब्रिजने पालो अल्टोला ओळीने कॅमेरे मांडून दाखवलं. त्याआधीच्या कितीतरी नामवंत चित्रकारांनी ते उलटं रंगवलं होतं.

बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशात क्षणाचं माप दिलंय. दिवसाचे ३० मुहूर्त, मुहूर्ताचे ३० लव, लवाचे ६० तत्क्षण, तत्क्षणाचे १२० क्षण. हिशेब केला तर एक क्षण म्हणजे सेकंदाचा ७५वा भाग. वर्गात हे सांगताना मला नेहमी शटरची चकती आठवायची: एक साठांश आणि एक सव्वाशेअंश यांच्या मधली जागा. त्या एका क्षणात आपला घोडा तेरा सेंटिमीटर सरकतो, फोटोत पाय फिस्कटतात. हजारांश सेकंदात एक सेंटिमीटरच, म्हणून पाय स्वच्छ उमटतात. पण वसुबंधू याहून पुढे जातो. त्याच्या मते काहीच सरकत नाही. वस्तू जिथे उपजते तिथेच नष्ट होते आणि शेजारी दुसरी उपजते. धावणारा घोडा नाहीच. नव्या नव्या घोड्यांची रांग आहे.

भाचीच्या यादीतला एक कॅमेरा नेमकी अशी रांग हाती देतो. पॅनासॉनिकच्या काही छोट्या कॅमेऱ्यांत ‘प्री-बर्स्ट’ म्हणून सोय आहे. कॅमेरा नुसता रोखून उभं राहायचं; तो आतल्या आत सेकंदाला ३० चित्रं घेत आणि पुसत राहतो. तुम्ही बटण दाबलं की आधीचा एक सेकंद आणि नंतरचा एक सेकंद जपून ठेवतो. उशीर झाला तरी चालतं. संध्याकाळी मुक्कामी बसून साठांतलं एक निवडायचं.

मला ते पटेना, तेव्हा तिने मला गीताच ऐकवली. फळाची आस धरू नये म्हणतेस ना, मग फोटो माझ्या बोटाने आला की यंत्राने, याचा हट्ट कशाला? प्रश्न चांगला आहे आणि मी तो टाळणार नाही. पण कृष्णाने फळ सोडायला सांगितलं, कर्म सोडायला नाही. प्री-बर्स्टमध्ये नेमकं उलटं होतं: कर्म गळतं आणि फळ तेवढं राहतं. आणि काहीच निसटत नाही हेही खरं नाही. ३० चित्रं, प्रत्येक हजारांश सेकंदाचं; बेरीज केली तर सेकंदाचे तीन टक्के. सत्त्याण्णव टक्के त्या कॅमेऱ्यालाही दिसलेले नसतात.

वसुबंधूसारख्यांचा हा क्षणिकवाद खोडताना शंकराचार्यांनी स्मृतीचा आधार घेतला. काल ज्याने पाहिलं तोच आज आठवतो, नाहीतर ‘मी पाहिलं’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. मला फोटोची कसोटी इथे सापडते. अंदाज बांधणारी, बटण दाबणारी आणि रात्री पाहून ‘हाच तो’ म्हणणारी एकच बाई असली तर तो फोटो तिचा. साठांतून निवडलेलं चित्र त्या रात्रीपर्यंत कुणीही पाहिलेलं नसतं, कुणी त्याची वाटही पाहिलेली नसते. अश्व गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणारा वारकरीसुद्धा ‘तोच हा’ या बाजूचा आहे. त्याच्यापुढे घोड्यांची रांग मांडून काय उपयोग?

म्हणून मी तिला दुसरं नाव सांगितलं, रिको जीआर थ्री. त्याला झूम नाही. २८ मिलिमीटरच्या तोडीची एकच रुंद लेन्स. अश्व इतक्या जवळून जातो तिथे तीच हवी. त्यात ‘स्नॅप फोकस’ आहे. अंतर आधी ठरवून ठेवायचं, बटण एका दमात खालपर्यंत दाबायचं, फोकस शोधण्यात वेळ जात नाही. अडीच मीटर आणि एफ ८ लावलं की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. मला जलद कॅमेरा हवा तो एवढ्यासाठी: माझं ठरणं आणि त्याचं घडणं यांच्या मधे त्याने येऊ नये.

तिला सगळं पटलेलं नाही. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांची नजर मंदावली आहे, त्यांना ती आधीच्या सेकंदाची सोय तू नाकारशील का, असं तिने विचारलं. नाही नाकारणार, त्यांच्यासाठी तो आधारच आहे. पण तिचे डोळे आणि हात शाबूत आहेत आणि हा तिचा पहिला कॅमेरा आहे. नजर घडायची ती आत्ताच.

आषाढातलं आभाळ भरून असतं, तेव्हा हजारांश सेकंदासाठी आयएसओ १६०० पर्यंत चढवावा लागेल, थोडे दाणे दिसले तर दिसू देत. आणि घोडे गेले की माणसं माती घ्यायला वाकतात, धुरळा उठतो. तेव्हा कॅमेरा बंद करून पिशवीत ठेव, म्हटलं. आतबाहेर सरकणाऱ्या लेन्सला धूळ सोसत नाही, आणि माती घ्यायला दोन्ही हात मोकळे लागतात.