सुक्याच्या शेजारी



मे महिन्याचा पहिला आठवडा. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आत्या खोपीपाशी उकिडवी बसली होती. समोर फोडलेल्या लाकडांची रास. तिनं दोन ढलपे उचलले, टाळ वाजवावेत तसे एकमेकांवर आपटले आणि कान दिला. खण्ण! ते दोन उजवीकडे गेले. पुढचे दोन आपटले. थप. तिनं मान हलवली आणि ते डावीकडे ठेवले.

"यांचा घसा बसलाय अजून," ती म्हणाली. "आठ-पंधरा दिवस ऊन खाऊ दे."

मी म्हटलं, "आत्या, पाऊस महिनाभर लांब आहे. एवढी कसली घाई?"

"लांब आहे म्हणूनच. एकदा आला की काय वाळवणार आहेस, डोंबल?"

तिच्या घरी गॅस केव्हाच आला. स्वयंपाक गॅसवरच होतो. पण न्हाणीतलं चुलाणं अजून लाकडांवर पेटतं. हंडाभर पाणी तापतं, आणि आषाढ-श्रावणात भिंतींना ओल धरते तेव्हा घरात कोरडी ऊब असते ती तेवढ्याच कोपऱ्यात. दोरीवर न वाळलेले कपडे तिथे वाळतात. भिजून आलेला माणूस आधी तिथे जाऊन हात शेकतो. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांची ऊब चैत्र-वैशाखाच्या उन्हात कमवून ठेवावी लागते. आगोटीची बेगमी म्हणतात ती हीच. मीठ, मिरची, सुकी मासळी आणि जळण.

जळणाची सुरुवात त्याच्याही आधी, थंडीत होते. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं मनात आलं म्हणून तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ सालापासून कायदा आहे, परवानगी लागते. त्यामुळे जळण जमतं ते काजूच्या छाटणीतून, वाऱ्यानं पडलेल्या फांद्यांतून, बांधावरच्या आकेशियातून.

लाकडं फोडायला मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा ओंडक्याच्या बरोबर मध्यावर कुऱ्हाड घातली. ती रुतून बसली. ती उपसून काढण्यातच माझा घाम निघाला. शेजारचे तात्या बघत होते. त्यांनी नुसतं ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे बोट केलं. गाभ्यापासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. "कुठनं फुटायचंय ते लाकूड सांगतंय. तुम्ही ऐकत नाही," ते म्हणाले. मग मी भेगेच्या रेषेत, कडेकडेला घाव घातला. दुसऱ्या घावाला ओंडका दोन झाला. आतून ओल्या मातीसारखा वास आला, हात लावला तर बोटं गार पडली.

फांदी फुटलेल्या जागी गाठ असते. तिथे पाचर आणि घण लागतो. काही गाठी त्यालाही दाद देत नाहीत. तात्या त्या तशाच बाजूला ठेवायचे. गाठ सावकाश जळते, रात्रीचा विस्तव सकाळपर्यंत धरून ठेवते.

लाकूड फोडायचं ते केवळ चुलाण्यात मावावं म्हणून नाही, वाळावं म्हणूनही. साल हे झाडाचं इरलं आहे. ते बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसं आतलंही सहजी बाहेर जाऊ देत नाही. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते जातं कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. म्हणून रचतानाही खाली दोन आडवे वासे टाकायचे, मातीला लाकूड टेकू द्यायचं नाही, आणि ढलप्यांमध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडायची. वरच्या थरातल्या ढलप्यांची साल आभाळाकडे, कारण इरलं तिथे कामाचं. मृग सात-आठ जूनला लागतो. त्याआधी सगळं खोपीत, वर झाप. बाजू मात्र उघड्या. घट्ट झाकलं की लाकडाला बुरशी येते.

हे सगळं ऐकून-पाहूनही एका जुलैत मी शहाणपणा केलाच. आत्या लेकीकडे गेली होती. वादळात काजूची एक फांदी मोडून दारातच पडली. खोपीपर्यंत भिजत कोण जाणार? मी तीच तोडली आणि चुलाण्यात घातली. लाकडाच्या टोकांतून फेस येऊन चुरचुरायला लागलं. न्हाणी धुरानं भरली. फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल झाले, आणि तासाभरानंतर हंड्यातलं पाणी जेमतेम कोमट.

का, ते नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा कळलं. लाकडातलं एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला जितकी उष्णता जाते, तितक्या उष्णतेत अंघोळीचं सुमारे तीस लिटर पाणी ऊन होतं. म्हणजे दोन बादल्या. मी चुलाण्यात घातलेल्या लाकडात असं कित्येक लिटर पाणी होतं. बिचारं लाकूड आळशी नव्हतं. ते जळत होतं, जीव तोडून जळत होतं, पण आधी स्वतःचंच पाणी आटवत होतं. माझ्या हंड्यापर्यंत त्याची धग पोचणार कशी?

अशा लाकडाला आपण 'धुमसतंय' म्हणतो. माणसालाही तेच म्हणतो. घरात एखादं माणूस आठ-आठ दिवस धुमसत असतं. कुणाला चटकन बोलतं, कुणाशी बोलतच नाही. त्याच्यापासून ऊब मिळत नाही, धूर मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत जातो. आपण म्हणतो, याला माया नाही. आग असते हो आत. ती सगळी स्वतःच्या ओलीवर खर्ची पडत असते. आणि अशा माणसाला आपण काय करतो? फुंकतो. जास्त जोरात फुंकतो. समजावतो, चिडतो, टोमणे मारतो. मी त्या दिवशी फुंकणी घेऊन तेच करत होतो.

संध्याकाळी आत्या परतली. न्हाणीत डोकावली, धूर बघितला, मला काही बोलली नाही. तिनं अर्धवट जळलेली लाकडं बाहेर ओढली. मला वाटलं, फेकून देणार. तिनं ती चुलाण्याच्या बाहेरच्या अंगाला, मातीच्या ऊन भिंतीला टेकवून उभी केली. खोपीतनं खणखणीत ढलपे आणले, जाळ केला. जाळ चांगला धरल्यावर त्या ओल्यांतलं एकच, सगळ्यांत बारीक, दोन सुक्यांच्या मध्ये सरकवलं. ते थोडं चुरचुरलं आणि मग पेटलं.

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," ती म्हणाली.

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो ती तक्रार म्हणून. दोष एकाचा आणि भोगतो दुसराच. आत्याच्या तोंडी ती तक्रार नव्हती, ती चुलीपुढची रीत होती. ओल्याला एकट्यानं पेट म्हणू नये. त्याला सुक्याच्या शेजारी जागा द्यावी. एका वेळी एकच द्यावं, नाहीतर सुकंही विझेल. आणि बाकीच्यांना उबेला उभं करून थांबावं.

परवा पुन्हा आगोट आली. यंदा ढलपे वाजवून बघायचं काम माझ्याकडे होतं. मेअखेर डावीकडची रास पुन्हा एकदा तपासली. बऱ्याच ढलप्यांचा घसा सुटला होता. दहा-बारा तरीही थप म्हणाले. ते मी आत्याला दाखवले.

"यांचं काय करू?"

"चुलाण्याशेजारी ठेव," ती म्हणाली. "वाजतील तेव्हा वाजतील."